महागडी सुरी आणि वऱ्हाडचे रान

संसारात लागणाऱ्या वस्तूंपैकी सुरीइतकी जुनी आणि सुरीइतकी दुर्लक्षित वस्तू क्वचितच सापडेल. घरात नवे कपाट घ्यावयाचे तर चार जण चार दुकाने पाहून येतात, दागिना घडवावयाचा तर मुहूर्त आणि सोनार यांची दोघांचीही पारख होते. पण सुरी मात्र भाजीच्या पिशवीतून कोथिंबिरीबरोबर केव्हा घरात येऊन पडते हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. म्हणूनच आमच्या अमरावतीच्या घरी एक सुरी अठरा हजार रुपये मोजून आली तेव्हा लहानथोर सर्व मंडळी प्रथम अवाक् झाली, आणि मग सर्व एकदम बोलू लागली.

ही सुरी अर्थात भाजीची नव्हती. रानात वाट चुकली, रात्र उघड्यावर काढावी लागली, आडोसा उभारावयाचा किंवा विस्तव पेटवावयाचा झाला, तर एकट्या माणसाच्या कमरेला असावी म्हणून पाश्चात्त्य देशांत जाड व न मिटणाऱ्या पात्याच्या ज्या सुऱ्या करतात, त्यांपैकी ती एक. घडीच्या चाकूचे मर्म त्याच्या सांध्यात असते आणि जोर पडला की तो सांध्यातच दगा देतो. हिला सांधाच नाही. पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेले असून मूठ म्हणजे त्या पोलादाच्या दोन्ही अंगांस जडविलेल्या दोन पट्ट्या. हे वर्णन ऐकून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या विळीचे पाते मिटते म्हणून या घरातल्या मुलांचे पाय शाबूत राहिले. न मिटण्याचे कौतुक ते काय?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सुरी आली कशासाठी, ते सांगतो. माझे थोरले बंधू, त्यांना घरातील सर्वच दादा म्हणतात, यांची एकुलती कन्या वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन एका संस्थेत नोकरीस लागली. काम मेळघाटात व त्याच्या पायथ्याच्या गावांत झाडाझुडपांची पाहणी करण्याचे. पहिले आठ महिने कचेरीत बसून नमुन्यांची नोंद करावयाची, आणि होळीनंतर मात्र महिन्यातील पंधरा दिवस अचलपूर व धारणी तालुक्यांत फिरावयाचे. वहिनींचा या गोष्टीस उघड विरोध होता. दादा विरोध करीत नव्हते. ते फक्त रात्री जागे असत. अखेर एके दिवशी ते खोके घरी आले आणि दादांनी आपली अट सांगितली, "ही कमरेला असेल तर जा." मुलगी हसली नाही, हे तिचे शहाणपण. ती एवढेच म्हणाली, "बाबा, होळीला अजून अवकाश आहे. तोवर ही कशी टिकते ते काकांना पाहू द्या."

हे काम माझ्याकडे यावयाचे कारण, मी तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत बत्तीस वर्षे लोखंड तापविण्यात आणि विद्यार्थ्यांना ते तापवू देण्यात घालविली आहेत. सुरी घेऊन मी दर्यापूर तालुक्यातील आमच्या शेतावर गेलो, आणि एकटीची परीक्षा ती कसली, म्हणून तिला एक प्रतिस्पर्धीही मिळवून दिला.

प्रतिस्पर्धी म्हणजे साडेतीनशे रुपयांचा कोयता. आमच्याकडे पेरणीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला गाडी-लोहारांच्या गाड्या उतरतात. चितोड पडले तेव्हा आपल्या पूर्वजांनी घर न बांधण्याची शपथ घेतली, अशी कथा हे लोक सांगतात. भाता फिरविणारी बहुधा घरधनीण आणि घण मारणारीही पुष्कळदा तीच. पुरुष सांडशी धरून पाते फिरवीत असतो. त्यांचे पोलाद कोठून येते असे वाचकांस वाटेल. ते ट्रकच्या मोडक्या कमानपट्ट्यांतून येते. या पट्ट्यांत कर्बाचे प्रमाण शेकडा अर्ध्या भागाहून किंचित अधिक असते, आणि खड्डे पडलेल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते पोलाद केलेले असते. मी लोहाराला पाते घडवून घेतले ते दिवे लागण्याच्या सुमारास, आणि तोही त्याच वेळी बोलावीत होता. कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखू येत नाही. आमच्या कर्मशाळेत आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असू की साधे पोलाद सुमारे ७७० अंशांवर गेले की लोहचुंबकाला चिकटत नाही, आणि त्याहून थोडे अधिक तापवून ते बुडवावे. या माणसाजवळ चुंबक नव्हते, उष्णतामापक नव्हता. शेंदराच्या आणि पिकल्या आंब्याच्या मधला रंग दिसताच त्याने पात्याची फक्त धारेकडील कड जळक्या तेलात बुडविली, पाठ बाहेर ठेविली. पाठीतील उष्णता मग हळूहळू धारेकडे सरकली, घासून उजळ केलेल्या कडेवर गव्हाच्या काडीचा पिवळा रंग चढला, आणि तो तांबूस होण्याच्या आत त्याने पाते पाण्यात घातले. धारेला कडकपणा आणि पाठीला लवचीकपणा अशी दुहेरी शिकवण एका तापात! हे मी पुस्तकातून शिकविले होते. पण इतक्या सहज कोणाला करताना पाहिले नव्हते.

अठरा हजारांच्या सुरीचे पोलाद निराळ्याच कुळातले. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली शेकडा तेरा भागांच्या सुमारास क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद ओतले, ती या कुळाची सुरुवात. क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा पातळ पापुद्रा धरते आणि तो गंजास अटकाव करतो. पुढे त्यात व्हॅनेडियमसारख्या धातूंची भर पडली. रस वितळवून त्याचा फवारा उडवावयाचा, थिजलेली भुकटी प्रचंड दाबाखाली पुन्हा एकजीव करावयाची, म्हणजे आतील कठीण कण बारीक आणि सारखे पसरतात. आमच्या सुरीचे पोलाद याच रीतीने केलेले होते. या खटाटोपाचेच पैसे दादांनी मोजले होते. पोलादासाठी परदेशाकडे पाहण्याची आपल्याकडे जुनी चाल नव्हती, हे मात्र जाता जाता सांगावेसे वाटते. वऱ्हाडच्या दक्षिणेस, गोदावरीपलीकडील तेलंगणात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील मुशीतल्या पोलादाचे गोळे नेण्यासाठी एके काळी इराणचे व्यापारी येत असत.

असो. आषाढापासून दोन्ही हत्यारे कामाला लागली. प्रथम बांबू. बांबूची साल हाताला गुळगुळीत लागते, पण तिच्यात वाळूचाच अंश, म्हणजे सिलिका, भरलेला असतो. सागाच्या लाकडातही तो असतो, आणि परतवाड्याच्या लाकूडबाजारात करवतीला धार लावणारा रिकामा का बसत नाही याचे एक कारण तेच. शंभर कामट्या काढल्यावर कोयत्याची धार अंगठ्याला बोथट लागू लागली. सुरीने त्यानंतरही कागद सरळ चिरला. दोर कापणे, संत्र्याच्या कलमांची काटछाट, पऱ्हाटीच्या वाळक्या झाडाची साल सोलून बंध काढणे, अशा बारीक कामांतही तिच्या जवळपास कोयता आला नाही. नाजूक हाताचे काम तिने असे केले की आमचा सालदार, जो माझ्या या सर्व उद्योगाकडे प्रारंभी करुणेने पाहत होता, तोसुद्धा ती पुन्हा पुन्हा मागून घेऊ लागला.

तोडण्याच्या कामात मात्र चित्र पालटले. धुऱ्यावरील बाभळीची मनगटाएवढी फांदी कोयत्याने चार घावांत पडे. सुरीचे पाते साडेपाच इंचांचे आणि वजन मुठीकडे, त्यामुळे तिला वीसपंचवीस घाव लागत. या सुऱ्यांच्या वर्णनपत्रात एक युक्ती सांगितलेली असते: पाते लाकडावर उभे धरावे आणि पाठीवर दांडक्याने ठोकीत जावे, म्हणजे कितीही जाड लाकूड चिरफाळते. बाभूळ तशी चिरफाळली हे खरे. पण धावडा हे आपल्याकडचे लाकूड असे आहे की कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात. धावड्याच्या ओंडक्यात पाते गाठीवर आले, मी ठोकले, आणि बाहेर काढून पाहतो तो धारेतून ज्वारीच्या कणीएवढा तुकडा उडालेला. कोयत्याला त्याच गाठीवर मारले तेव्हा त्याची धार वाकली, पण तुटली नाही. कानशीच्या दहाबारा घासांत ती सरळ झाली.

यात सुरी करणाऱ्याचा दोष म्हणावा असे मला वाटत नाही. कडकपणा आणि चिवटपणा या दोन सवती आहेत. एकीला अधिक दिले की दुसरीचे कमी होते. धार महिनोन्महिने टिकावी म्हणून पोलाद कडक ठेवावे तर ते आघाताने कपचते, आणि आघात सोसावा म्हणून मऊ ठेवावे तर धार लवकर बसते. वर्णनपत्र मात्र दोन्ही एकाच पात्यात देऊ करते, आणि गिऱ्हाईक त्या आश्वासनाची किंमत मोजते. स्वीडनमध्ये मोरा या गावी पातळ पात्याचे साधे, स्वस्त चाकू पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. रानात काम करणारे लोक जगभर ते वापरतात, ते कपची उडत नाही म्हणून नव्हे, तर त्यांना पुन्हा धार लावणे पाच मिनिटांचे काम असते म्हणून.

धारेच्या या प्रश्नानेच आमची खरी पंचाईत केली. तो खळगा घासून काढावयाचा म्हणून मी घरचा कुरुंदाचा दगड घेऊन बसलो. तासभर घासले, दगड झिजला, पाते होते तसेच. व्हॅनेडियमचे ते बारीक कण कुरुंदाहूनही कठीण असतात. त्यांना हिऱ्याची भुकटी बसविलेली पट्टीच लागते. अकोल्याला मेहुण्यांकडे गेलो असता तेथे सायकल फिरवून धार लावणाऱ्या गृहस्थाला मी सुरी दाखविली. द्यावयाची नव्हती, केवळ त्याचे मत हवे होते. त्याच्या कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापून निळी पडते, आणि साध्या पोलादावर निळा रंग चढला, म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास गेले, की त्याला दिलेले पाणी उतरले असे समजावे. त्या सज्जनाने पाते उलटसुलट पाहिले, नखावर टेकविले आणि परत दिले. "हे माझं काम नाही, साहेब." अशी प्रामाणिक माणसे थोडी. शेतावर परत आल्यावर सालदाराने हेच दुसऱ्या शब्दांत सांगितले, "सुरी चांगली हाय जी, पण इले धार कोन लावन?" पट्टी शेवटी मुंबईहून मागवावी लागली आणि तिचे दोन हजार निराळे पडले.

आता गंज. येथे वऱ्हाडची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर असा जो पट्टा आहे त्यास खारपाणपट्टा म्हणतात; तेथील विहिरींचे पाणी खारे. आमचे शेत याच पट्ट्यात. श्रावणात एकदा सालदाराने सुरी विहिरीच्या पाण्याने धुतली आणि ओलीच तिच्या चामड्याच्या म्यानात घातली. चार दिवसांनी काढली तेव्हा 'न गंजणाऱ्या' पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे पाचसहा खळगे पडले होते. मिठातील क्लोराइड तो क्रोमियमचा पापुद्रा नेमका ठिकठिकाणी फोडते आणि मग गंज वर न पसरता आत उतरतो. शिवाय कमावलेले चामडे ओल धरून ठेवते ते वेगळेच. न गंजणारे म्हणजे उशिरा गंजणारे, एवढाच अर्थ घ्यावा. कोयता तर एका रात्रीत नारिंगी होई. पण त्याचा गंज वरवरचा, राखेने घासला की जाई आणि खोबरेल तेलाचे बोट फिरविले की दोनतीन दिवस येत नसे. त्याने आवळे कापले तेव्हा पाते काळे ठिक्कर पडले. घरातील मुले घाबरली. मला आमच्या आजोबांची शाई आठवली. हिरडा आणि हिराकस यांची जी काळी शाई पूर्वी घरोघर करीत, तिचाच हा प्रकार. तो काळा लेप पात्यास अपाय करीत नाही, उलट थोडा जपतो.

मुठींविषयी थोडक्यात सांगतो. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. त्या उन्हात कोयत्याची लाकडी मूठ आकसून ढिली झाली आणि रात्रभर पाण्यात ठेवावी लागली. सुरीची मूठ, जी कापडाचे थर राळेत दाबून केलेली होती, तिला काही झाले नाही. या एका बाबतीत अठरा हजारांनी निर्विवाद बाजी मारली. फक्त उन्हात पडलेली सुरी उचलताना मुठीच्या कडेने दिसणारे पोलाद हाताला चटका देते.

परंतु मी मुठीच्या गोष्टीत पुढे वैशाखापर्यंत आलो. होळी त्याआधीच झाली होती, आणि होळीच्या आठवड्यात घरात जे घडले त्यापुढे धार आणि गंज या गोष्टी अगदी किरकोळ ठरल्या. मुलीने एके रात्री जेवणे झाल्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा दादांपुढे ठेविला. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचे अभयारण्यही आज त्याच प्रकल्पात मोडते. या अधिनियमाच्या एकतिसाव्या कलमान्वये लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि शस्त्र म्हणजे काय याची जी व्याख्या दिली आहे तीत बंदूक, धनुष्यबाण, फासे यांच्याबरोबर सुरी स्पष्ट शब्दांत आलेली आहे. दादांनी चष्मा लावून दोनदा वाचले. मग ते म्हणाले, "पण शस्त्रांच्या कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब पात्यालाच परवाना लागतो. ही साडेपाच इंचांची आहे." ते बरोबर होते, पण तो १९५९ चा कायदा आणि त्याचे नियम रस्त्यावरच्या माणसासाठी आहेत, अभयारण्याच्या नाक्यावर हा दुसरा चालतो. ज्या रानासाठी सुरी घेतली त्याच रानाच्या दारावर ती काढून ठेवावी लागणार!

दादा बराच वेळ गप्प होते. नंतर माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "अस्वल आले तर हिचा उपयोग झाला असता का, एवढे सांग."

मी सांगितले की नसता. मेळघाटात मोह फुलतो तो नेमका होळीच्या सुमारास, आणि पहाटे फुले खाण्यास अस्वले झाडाखाली येतात. अस्वल चवताळून अंगावर आले म्हणजे माणसाला म्यानाची गुंडी काढण्याइतकाही वेळ मिळत नाही. आणि मिळाला तरी साडेपाच इंचांच्या पात्याने त्याच्या दाट केसांखालच्या देहाला काय होणार? उलट हातात सुरी आहे म्हणून माणूस जेथे थांबू नये तेथे थांबतो. वहिनी हे ऐकत दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग अठरा हजार कशाला घातले?" दादांनी उत्तर दिले नाही. मला वाटते त्या घरात उत्तर ठाऊक नसलेले कोणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादांनी निराळाच बेत काढला. पहिल्या फेरीला ते स्वतः मुलीबरोबर गेले. वय चौसष्ट, गुडघे दुखरे. तरी पायथ्याच्या एका कोरकू गावी दोन रात्री राहिले. तेथे त्यांनी मोह वेचणाऱ्या बायका पाहिल्या. त्या पुरते उजाडल्यावाचून निघत नाहीत, एकटी कोणी जात नाही, आणि वाटेने मोठमोठ्याने बोलत, हसत जातात, म्हणजे अस्वलाला आधीच कळते. मुलीबरोबर हिंडण्यासाठी संस्थेने त्याच गावची एक मध्यमवयीन बाई नेमलेली होती. दादांनी तिच्याजवळ विळा तरी आहे का म्हणून चौकशी केली. तिने हसून आपली रिकामी टोपली दाखविली. मुलीच्या पिशवीत आता शिट्टी, विजेरी, मेणकापडात गुंडाळलेली आगपेटी, दोर आणि पाणी एवढे असते. नमुने छाटण्यासाठी लहान कात्री आहे, तिची नोंद संस्थेच्या परवानगीपत्रात केलेली आहे.

वहिनींचा विरोध मावळला असे मी म्हणणार नाही. त्या अजून महिन्याच्या प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटतात.

सुरी शेतावर असते. चामड्याचे म्यान टाकून देऊन तिच्यासाठी तेल लावलेल्या सुती फडक्याची गुंडाळी केली आहे, आणि खाऱ्या पाण्याने धुतली तर लगेच पुसावयाची, असा सालदाराशी ठराव आहे. तोडण्याचे काम कोयत्याकडे, सोलण्या-चिरण्याचे सुरीकडे, अशी वाटणी आपोआप पडली. धार लावण्याचे काम दादांनी स्वतःकडे घेतले आहे. मुलगी रानात असली म्हणजे ते सायंकाळी ओसरीवर ती हिऱ्याची पट्टी घेऊन बसतात, सुरीला गरज असो वा नसो, आणि सुरी शेतावर असेल तर वहिनींच्या विळीचे पाते उतरवून आणतात. साडेसातला मुलीचा दूरध्वनी येतो. आतल्या काही गावांतून तो लागत नाही. त्या दिवशी विळीला फारच धार येते.